ना घराण्याची, ना घराण्याबाहेरची: सोफी खोटेकचं प्रकरण

3 जुलै 1914. व्हिएन्नातल्या हॉफबुर्ग राजवाड्याच्या चॅपलमध्ये दोन शवपेट्या शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. एक मोठी, नक्षीची, उंचावर. तिच्यावर मुकुट, सेनापतीची टोपी, तलवार, पदकं. दुसरी साधी, लहान आणि पहिलीपेक्षा हातभर खाली. तिच्यावर पांढऱ्या हातमोज्यांचा जोड आणि एक काळा पंखा.

पहिली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड याची, दुसरी त्याच्या बायकोची. पाच दिवसांपूर्वी दोघं एकाच मोटारीत, एकाच पिस्तुलाने मारले गेले होते. हातमोजे आणि पंखा ही राजस्त्रियांच्या तैनातीत राहणाऱ्या खानदानी बाईची खूण. सोफीने ती नोकरी सोडून चौदा-पंधरा वर्षं झाली होती. मधल्या काळात ती वारसाची बायको होती, तीन मुलांची आई होती, डचेस होती. दरबाराने तिला निरोप देताना मात्र जुन्या नोकरीवर परत रुजू करून घेतलं.

सारायेव्होचा खून म्हटलं की आपण लगेच पहिल्या महायुद्धाकडे वळतो. शाळेतल्या इतिहासात सोफीला अर्धं वाक्य मिळतं, 'युवराज व त्याची पत्नी'. मला त्या अर्ध्या वाक्यातच जास्त रस आहे. जन्माने काउंटेस असलेली बाई सासरी 'खालची' कशी ठरते, आणि त्या खालच्यापणाचा हिशेब तिच्या मुलांना आणि पणतीला कसा चुकवावा लागतो, याचं इतकं स्वच्छ कागदोपत्री प्रकरण दुसरं मला ठाऊक नाही.

माहेर

आधी आडनाव. खोटेक हा चेक उच्चार आहे. मराठी कानाला तो विनोदी लागतो, पण घराण्यात खोटं काही नव्हतं. बोहेमियातलं हे जुनं सरदार घराणं, अठराव्या शतकात काउंट झालेलं. सोफीचा जन्म 1 मार्च 1868 चा, स्टुटगार्टचा, कारण वडील बोहुस्लाव खोटेक तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचे राजदूत होते. आई किन्स्की घराण्यातली, म्हणजे तीही बोहेमियाच्या पहिल्या फळीतली. नाव मोठं, पण वडील पगारावर जगणारे आणि घरात मुलींची रांग. अशा घरच्या मुलींपुढे तीनच वाटा असत: चांगलं स्थळ, मठ, नाहीतर एखाद्या राजस्त्रीच्या पदरी नोकरी.

बोहुस्लाव ब्रसेल्सला राजदूत असताना त्यांनी एका मोठ्या सोयरिकीत मध्यस्थी केली. सम्राट फ्रान्झ योझेफचा एकुलता मुलगा रुडोल्फ आणि बेल्जियमची राजकन्या स्टेफनी यांचं लग्न त्यातून जुळलं. ते लग्न वाईट गेलं. 30 जानेवारी 1889 ला मायरलिंगच्या शिकारघरात रुडोल्फने प्रेयसीसह जीव दिला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून गादीचा हक्क सम्राटाच्या भावाकडे आणि त्याच्याकडून पुतण्याकडे, फ्रान्झ फर्डिनांडकडे, सरकला. बापाने जमवलेल्या सोयरिकीचा शेवट असा झाला की लेकीचा भावी नवरा वारस होऊन बसला. कादंबरीत कोणी हे लिहिलं असतं तर आपण त्याला ओढूनताणून म्हटलं असतं.

घड्याळ

सोफी प्रेसबुर्गला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, आर्चडचेस (सम्राटाच्या घराण्यातली राजस्त्री) इसाबेलाच्या पदरी नोकरीला होती. इसाबेलाला मुलीच मुली. फ्रान्झ फर्डिनांड त्यांच्याकडे वरचेवर येऊ लागला तशी तिने मनाशी गाठ बांधली की हा आपल्या थोरलीसाठी येतोय. टेनिस, चहा, फेरफटके, सगळं रीतसर चाललेलं. मग एक दिवस तो टेनिसच्या मैदानावर घड्याळ विसरला. साखळीला अडकवलेलं झाकण इसाबेलाने उघडून पाहिलं. आत लेकीचा फोटो असेल अशी खात्री, निघाला सोफीचा.

ही गोष्ट सगळे सांगतात, आणि इतकी नेटकी गोष्ट जरा सावधपणेच ऐकावी. घड्याळ असो-नसो, प्रकरण उघडं पडलं, इसाबेलाचा तिळपापड झाला आणि सोफीची नोकरी गेली.

इसाबेला स्वतः क्रॉय घराण्यातली. क्रॉय घराणं लग्नाला चालत होतं, खोटेक चालत नव्हतं. का, हे समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही.

कोण चालतं, कोण नाही

हॅब्सबुर्ग घराण्याचा 1839 चा कौटुंबिक कायदा होता. आर्चड्यूकने, म्हणजे घराण्यातल्या राजपुत्राने, समान जन्माच्या बाईशीच लग्न करायचं, तेही कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे सम्राटाच्या, परवानगीने. समान जन्म म्हणजे पैसा नव्हे, पदवीही नव्हे. राज्य करणारी घराणी समान होतीच. त्यांच्या जोडीला जुन्या पवित्र रोमन साम्राज्यात ज्यांची स्वतःची छोटी का होईना स्वायत्त जहागीर होती आणि नेपोलियनच्या काळात ती बुडाली, अशी घराणीही समान धरली जात. त्यांचं राज्य गेलं तरी कूळ राहिलं. क्रॉय त्या यादीत होते. खोटेक साम्राज्याचे काउंट असले तरी त्यांची भूमी बोहेमियाच्या राजाच्या, म्हणजे हॅब्सबुर्गांच्याच, अंमलाखालची. मालकाच्या घरात नोकराच्या घरची मुलगी कशी द्यायची, असा सगळा सूर.

असमान लग्नाला युरोपात एक पळवाट होती. तिला मॉर्गनॅटिक विवाह म्हणत. बोलीत 'डाव्या हाताचं लग्न'. लग्न धर्माने खरं, मुलं औरस, पण बायकोला नवऱ्याचा दर्जा नाही आणि मुलांना गादी नाही. जर्मन राजघराण्यांत असली लग्नं होत आली होती. भावी सम्राटाचं असं लग्न मात्र भलतंच अवघड काम.

सम्राटाने नकार दिला. फ्रान्झ फर्डिनांड हटेना. त्याला क्षय झाला होता, तेव्हा दरबारातल्या पुष्कळांनी त्याच्या नावावर फुली मारून धाकट्या भावाकडे माना वळवल्या होत्या. तो अपमान त्याने जन्मभर उराशी धरला. बाजूने उभी राहिली ती त्याची सावत्र आई, पोर्तुगालच्या राजघराण्यातली मारिया तेरेझा. त्याची आई तो लहान असताना वारली होती आणि या सावत्र आईचं नि त्याचं वय जेमतेम आठ वर्षांनी वेगळं. सम्राटाकडे तिचं वजन होतं आणि ते तिने वापरलं.

दुसरं अडलेलं गाडं हंगेरीचं. तिथल्या कायद्याला मॉर्गनॅटिक हा प्रकारच माहीत नव्हता. राजाची बायको ती राणी, विषय संपला. म्हणजे सोफी व्हिएन्नात कोणी नाही आणि बुडापेस्टमध्ये राणी! म्हणून पुढची शपथ हंगेरीच्या संसदेने 1900 साली कायदा करून नोंदवून घेतली.

शपथ

28 जून 1900, दुपारी बारा. हॉफबुर्गच्या सल्लागार दालनात सम्राट, घराण्यातले सगळे सज्ञान पुरुष, मंत्री, धर्मगुरू जमले. छत्तीस वर्षांच्या फ्रान्झ फर्डिनांडने शपथ घेतली, कागदावर सही केली. आपलं लग्न मॉर्गनॅटिक आहे. बायकोला आणि होणाऱ्या मुलांना घराण्याचे हक्क, किताब, चिन्हं, मान यांतलं काही मिळणार नाही. मुलं गादीवर हक्क सांगणार नाहीत. आणि ही शपथ आपण कधी मागे घेणार नाही. अजून न जन्मलेल्या मुलांच्या वतीने बापाने हक्कसोडपत्र लिहून दिलं, म्हणा ना.

तीन दिवसांनी, 1 जुलैला, बोहेमियातल्या राइखश्टाट इथे लग्न झालं. वराकडून सावत्र आई आणि दोन सावत्र बहिणी. सख्खे भाऊ आले नाहीत, सम्राट आला नाही, एकही आर्चड्यूक आला नाही. सम्राटाची तार आली: वधूला होहेनबर्गची प्रिन्सेस केलं आहे. सासरचं आडनाव द्यायचं नाही म्हणून एक नवंच आडनाव तयार करून दिलं.

मग पदव्यांचे हप्ते. 1905 मध्ये संबोधन एक पायरी वर. 1909 मध्ये डचेस आणि 'हायनेस'. आर्चडचेस मंडळी 'इंपीरियल अँड रॉयल हायनेस', ही नुसती हायनेस. पायऱ्या चढत गेली तरी जिना दुसऱ्याच्या घरचा.

मानपान

हा शब्द जर्मनमध्ये असता तर व्हिएन्नाच्या दरबाराने त्याचं खातं उघडलं असतं. खरं तर खातं होतंच. दरबारी मिरवणुकीत सोफीची जागा सगळ्यात धाकट्या आर्चडचेसच्याही मागे. नवरा पहिल्या रांगेत दुसऱ्या कुणा राजस्त्रीचा हात धरून चालणार, ही शेवटी. नाट्यगृहात राजघराण्याच्या बॉक्समध्ये तिला जागा नाही. दरबारी बग्गीत नवऱ्याशेजारी बसायचं नाही. आर्चडचेस यायची तेव्हा दाराच्या दोन्ही फळ्या उघडत आणि सोफी आली की एकच, असंही सांगतात.

दहा मिनिटांच्या मिरवणुकीत शेवटून चालणं ही गोष्ट लहान आहे. पण आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत विहीणबाईंचं पान कुठे मांडलं यावरून वीस-वीस वर्षं अबोला धरलेली घरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे कळायला कठीण नाही. इथे तर पान दर वेळी मुद्दाम शेवटी मांडलं जात होतं, चौदा वर्षं.

हे सगळं राबवणारा माणूस प्रिन्स आल्फ्रेड मोंटेनुओव्हो, दरबाराच्या शिष्टाचाराचा कारभारी. त्याचं स्वतःचं आडनाव पाहा. आधीचा सम्राट फ्रान्झ पहिला याची मुलगी मारी लुईझ नेपोलियनची बायको झाली, आणि नंतर तिने काउंट नाइपर्गशी मॉर्गनॅटिक लग्न केलं. नाइपर्ग म्हणजे 'नवा डोंगर' असं धरून त्या संततीला इटालियनमध्ये मोंटेनुओव्हो हे नाव दिलं. आल्फ्रेड त्यांचा नातू. म्हणजे असमान लग्नाच्या पोटी आलेला, बनवलेल्या आडनावाचा माणूस असमान लग्नाच्या आणि बनवलेल्या आडनावाच्या बाईवर नियमांचा पहारा ठेवून होता. मला यात दुष्टपणापेक्षा भीती जास्त दिसते. कुंपणाच्या अगदी आतल्या काठावर उभा असलेला माणूस कुंपणाची सगळ्यात जास्त काळजी घेतो.

सोफीच्या तोंडची तक्रार कुठे सापडत नाही. ती धार्मिक, टापटिपीची, आवाज न चढवणारी. चढवायचा तो नवरा. त्याचा राग प्रसिद्ध होता आणि तिने हात दाबला की तो आवरतो, हेही तितकंच प्रसिद्ध. 1904 मध्ये त्याने सावत्र आईला पत्र लिहिलं की आयुष्यात मी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे सोफीशी लग्न. तीच माझी बायको, सल्लागार, डॉक्टर आणि मैत्रीण.

घर म्हणजे प्रामुख्याने प्रागजवळचा कोनोपिश्तेचा किल्ला. त्याने तो 1887 मध्ये विकत घेतला होता. भिंतींवर शिंगंच शिंगं. या माणसाच्या शिकारीच्या नोंदी पावणेतीन लाखांच्या आसपास आहेत. 1893 च्या जगप्रवासात मुंबईत उतरून तो हिंदुस्थान फिरला, तेव्हा इथल्या वाघांचाही त्या नोंदींत समावेश झाला. बाहेर गुलाबांची मोठी बाग. मुलगी सोफी 1901 ची, मॅक्सिमिलियन 1902 चा, अर्न्स्ट 1904 चा. 1908 मध्ये एक मुलगा मृत जन्मला. मुलं आईबापांबरोबर जेवत, बापाच्या खोलीत खेळत. दरबाराने बाहेर ठेवलेलं कुटुंब घरापुरतं फार सुखी होतं. राजघराण्यात एरवी न मिळणारी गोष्ट त्यांना हाकलल्यामुळेच मिळाली.

परदेशी राजांनी मात्र हा पेच चटकन हेरला. पुढचा सम्राट खूश ठेवायचा तर बायकोला मान द्यायचा. रोमानियात राजा कारोलने दिला. बर्लिनच्या मेजवानीत कैसर विल्हेल्मने एकच लांब टेबल मांडण्याऐवजी छोटी-छोटी टेबलं मांडली, म्हणजे कोण कितव्या जागी हा प्रश्नच उरला नाही. मला वाटतं, या सबंध प्रकरणातली सगळ्यात हुशार युक्ती हीच. 1913 च्या नोव्हेंबरात विंडसरला जॉर्ज पंचम आणि राणी मेरीने दोघांचं आतिथ्य केलं. आणि घरी परतलं की पुन्हा एक फळी.

सारायेव्हो

फ्रान्झ फर्डिनांड बोस्नियात गेला तो सैन्याचा महानिरीक्षक म्हणून, युद्धसराव पाहायला. दरबारी यात्रा नसल्याने दरबारी नियमांचा काच ढिला होता आणि सोफी मोटारीत त्याच्या शेजारी बसू शकत होती. यावरून 'नवऱ्याशेजारी बसायला मिळावं म्हणून ती गेली आणि मेली' असं पुष्कळदा लिहिलं जातं. वाचायला ते छान वाटतं. मला ते अर्धंच पटतं. ती परदेशात अनेकदा त्याच्या शेजारी बसली होती. या दौऱ्यात जिवाला धोका आहे याची कुणकुण दोघांनाही होती, आणि धोक्याच्या जागी नवऱ्याला एकटं सोडायची तिची पद्धत नव्हती.

तारीख 28 जून. शपथेला बरोबर चौदा वर्षं.

सकाळी दहाच्या सुमारास मारेकऱ्यांच्या टोळीतल्या नेडेल्को चाब्रिनोविचने बाँब फेकला. तो त्यांच्या गाडीला चुकवून मागच्या गाडीजवळ फुटला. नगरभवनात संतापलेल्या नवऱ्याला तिनेच शांत केलं. मग ती वरच्या मजल्यावर मुस्लिम बायकांना भेटली. पुरुष नसल्याने त्यांनी बुरखे वर केले होते. खाली आल्यावर ठरलं की जखमी अधिकाऱ्याला इस्पितळात पाहायला जायचं, आणि सोफीने मागे राहावं. तिने ऐकलं नाही. पांढरा पोशाख, पांढरी हॅट, आणि ती पुन्हा गाडीत बसली.

बदललेला रस्ता चालकाला कोणी सांगितला नव्हता. लॅटिन पुलाजवळ तो जुन्या बेताप्रमाणे वळला. त्या रस्त्याचं नाव होतं फ्रान्झ योझेफ रस्ता. गव्हर्नर पोटिओरेक ओरडला, गाडी थांबली आणि त्याच टोळीतला गावरिलो प्रिन्सिप काही पावलांवर उभा होता. दोन गोळ्या. एक नवऱ्याच्या मानेत, एक सोफीच्या पोटात. पायपट्टीवर उभ्या असलेल्या काउंट हाराखने नंतर सांगितलं की ती कोसळल्यावर तो म्हणाला, "सोफेर्ल, सोफेर्ल, मरू नकोस, मुलांसाठी जग." स्वतःबद्दल विचारलं तर, "काही नाही." ती गव्हर्नरच्या वाड्यावर पोचेपर्यंत गेलेली होती, तो थोड्या वेळाने. प्रिन्सिपने पुढे सांगितलं की त्याला बाईला मारायचं नव्हतं. दुसरी गोळी पोटिओरेकसाठी होती.

हातभर खाली

'विरिबुस उनितिस' या युद्धनौकेवरून त्रिएस्तेला, तिथून रेल्वेने व्हिएन्ना, तेही रात्री. नवा वारस कार्ल मात्र स्टेशनवर हजर राहिला. परदेशी राजांनी येऊ नये असं कळवलं गेलं. चॅपलमध्ये जे झालं ते सुरुवातीला सांगितलंच. मुलांना त्या विधीला आणलं नव्हतं. त्यांनी फुलं पाठवली. संध्याकाळी शवपेट्या स्टेशनकडे निघाल्या तेव्हा बोलावणं नसताना सरदार मंडळी गणवेषात पायी मागे चालू लागली. त्यांतल्या कित्येकांच्या घरच्या बायका खोटेक आणि किन्स्कींच्याच रांगेतल्या. अपमान आपला झाला हे त्यांना बरोबर कळलं होतं.

हॅब्सबुर्ग मंडळी व्हिएन्नातल्या कॅपुचिन चर्चच्या तळघरात पुरली जातात. सोफीला तिथे जागा नाही हे फ्रान्झ फर्डिनांडला आधीपासून माहीत होतं. म्हणून त्याने डॅन्यूबकाठच्या आपल्या आर्टश्टेटनच्या वाड्यात स्वतःची दफनभूमी बांधून घेतली होती. रेल्वे प्योखलार्नला थांबली. रात्री वादळ. पहाटे तराफ्यावरून नदी ओलांडताना घोडे बुजले आणि पेट्या पाण्यात जाता जाता राहिल्या. 4 जुलैला दफन झालं. तिथे दोन पांढऱ्या संगमरवरी कबरी आहेत, दोन्ही एकाच उंचीच्या.

मुलं आणि पणती

मुलं बारा, अकरा आणि दहा वर्षांची. सोफीच्या बहिणीचा नवरा प्रिन्स यारोस्लाव्ह थुन त्यांचा पालक झाला. कोनोपिश्ते त्यांचंच होतं, कारण ते घराण्याचं नव्हे, बापाचं खाजगी. साम्राज्य बुडालं, चेकोस्लोव्हाकिया झाला आणि 1919 मध्ये त्यांना तिथून बाहेर काढलं गेलं. महायुद्धानंतर ऑस्ट्रियाशी झालेल्या सां-जर्मांच्या तहाने पूर्वीच्या राजघराण्याची मालमत्ता नव्या राज्यांना दिली होती. 1921 च्या चेकोस्लोव्हाक कायद्यात फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याच्या वंशजांची मालमत्ता नाव घेऊन घातली गेली. गादी वाटताना ही मुलं हॅब्सबुर्ग नव्हती. जप्ती करताना झाली.

1938 मध्ये नाझी ऑस्ट्रियात आले. मॅक्सिमिलियन आणि अर्न्स्ट दोघेही स्वतंत्र ऑस्ट्रियाच्या बाजूचे, हिटलरविरोधी. दोघांना डाखाऊच्या छळछावणीत टाकलं आणि संडास साफ करायला लावलं. मॅक्सिमिलियन काही महिन्यांनी सुटला, अर्न्स्ट 1943 पर्यंत वेगवेगळ्या छावण्यांत होता. तो 1954 मध्ये, पन्नाशी गाठायच्या आतच गेला. युद्ध संपल्यावर, आर्टश्टेटन सोव्हिएत अंमलाखाली असताना, गावाने मॅक्सिमिलियनला महापौर केलं. थोरली सोफी काउंट नोस्तित्सशी लग्न करून बोहेमियात गेली होती. युद्धानंतर तिथूनही हाकलली गेली. तिचा एक मुलगा आघाडीवर पडला, दुसरा सोव्हिएत कैदेत मेला. ती 1990 पर्यंत जगली.

चेक प्रजासत्ताक झाल्यावर सोफीच्या पणतीने कोनोपिश्तेसाठी दावा लावला. तिचा मुख्य मुद्दा सरळ होता: तह राजघराण्याच्या मालमत्तेबद्दल आहे आणि आम्ही राजघराण्यातले नाही. पुरावा म्हणून 28 जून 1900 ची तीच शपथ. पणजीला ज्या कागदाने जन्मभर मागच्या रांगेत उभं केलं, तोच कागद घेऊन पणती न्यायालयात उभी राहिली. चेक न्यायालयांनी दावा फेटाळला. 1921 च्या कायद्यात वंशजांचा उल्लेख नावानिशी होता.

कोनोपिश्ते आता सरकारी आहे. तिकीट काढून आत जाता येतं. खाजगी खोल्या दाखवणारी फेरी वेगळी, आणि तिचं तिकीट वेगळं.